एक बूट ओहाकुनेला

बोलून गेल्यावर प्रमोदिनीच्या लक्षात आलं, की आपण चक्क थाप मारली. आणि तीही कुठे, तर सोमवारी सकाळी दहा वाजता, ऑकलंडमधल्या ऑफिसच्या किचनमध्ये, हातात चहाचा मग आणि समोर चार माणसं असताना! चौपन्नाव्या वर्षी! झालं होतं असं, की शेजारच्या डेस्कवरची हेलन नुकतीच फ्रान्सहून परतली होती. तीन आठवडे एकटी. गाडीनं एका खेड्यात उतरायचं, दिवसभर शेताशेतांतून चालायचं, मिळेल तिथे ब्रेड-चीज खायचं, पुढच्या गावाला पुन्हा गाडी धरायची. हेलनच्या नाकाचं कातडं उन्हानं सोललं होतं आणि ते सोललेलं नाक ती मिरवत होती. सगळ्यांना फोटो दाखवून झाले आणि रीतीप्रमाणे हेलन वळून म्हणाली, "आणि तू, प्रॉम? लाँग वीकेंडला काय केलंस?" या प्रश्नाचं प्रमोदिनीचं उत्तर अकरा वर्षं ठरलेलं होतं. नथिंग मच, फॅमिली टाइम. खरं म्हणजे सँडरिंगहॅमच्या देशी दुकानांत जाऊन मेथीच्या चार जुड्या आणल्या, निवडल्या, नवऱ्याच्या मित्रांना जेवायला बोलावलं, भांडी आवरली. पण त्या दिवशी तोंडून निघालं ते भलतंच. "मीही ट्रेननं गेले होते. ओहाकुनेला. ओल्ड कोच रोड चालले. एकटीच." ते नाव ओटाहुहु स्टेशनवरच्या एका पोस्टरवर होतं. रोज सकाळी गाडीची वाट पाहताना ते तिच्या डोळ्यांसमोर असायचं, इतकाच काय तो संबंध. हेलनचा चेहरा उजळला. ती तो रस्ता चालून आलेली होती. "स्वीट अ‍ॅज! त्या व्हायाडक्टवर वारा होता का गं?" "हीप्स! भरपूर," प्रमोदिनी म्हणाली आणि चहाचा घोट घेतला.

आता याची लाज वाटायला हवी होती की नाही? हातपाय गार पडायला हवे होते. पण छे! डेस्कवर येऊन बसली तर छातीत नुसती धडधड, आणि ती धडधड चक्क गोड लागत होती. शाळेत असताना एकदा भूगोलाचा तास बुडवून ती पर्वतीवर जाऊन बसली होती, तेव्हा असं झालं होतं. पुढे किती दिवस तिच्या मनात ती दुसरी बाई हिंडत राहिली, पाठीवर सॅक, पॅंटला चिखल, एकटीच त्या व्हायाडक्टवरून, दरीवरच्या उंच पुलावरून चाललेली. थापेतली ती बाई प्रमोदिनीला फार आवडली. इतकी, की तिचा हेवा वाटायला लागला. आणि सहाव्या आठवड्यात, एका गुरुवारी दुपारी, कॉम्प्युटरवर टेस्टिंगचे रिपोर्ट उघडे ठेवून तिनं दुसऱ्या खिडकीत तिकीट काढून टाकलं. जाण्याचं आणि येण्याचं. एका माणसाचं.

घरी सांगितलं तेव्हा प्रसादनं आधी काही ऐकलंच नाही असं केलं. प्रसाद म्हणजे तिचा नवरा, पाण्याच्या पाइपलाइनचा इंजिनीअर, जगातल्या कुठल्याही अडचणीवर ज्याचं उत्तर 'गाडी काढतो' हे आहे असा माणूस. "जाऊ ना आपण," तो म्हणाला. "लेबर डेला गाडी काढतो."

"आपण नाही. मी."

"म्हणजे ऑफिसच्या बायकांबरोबर?"

"एकटी."

स्वानंदी, त्यांची बावीस वर्षांची लेक, सोफ्यावर पाय पसरून पडली होती. ती ताडकन उठून बसली. "मम! लाइक, अलोन अलोन?" आणि मग एकदम टाळ्या पिटायला लागली. प्रसाद मात्र लॅपटॉप घेऊन बसला. दुसऱ्या दिवशी त्यानं एक एक्सेल शीट तयार करून दिली. किती वाजता कुठे, कुठून कुठे किती किलोमीटर, जवळचं हॉस्पिटल, फोनवर लोकेशन शेअर करायचं कसं. खाली लाल अक्षरांत: काहीही झालं तर फोन कर, मी येतो घ्यायला.

मी येतो घ्यायला. ट्रेनच्या खिडकीशी बसल्यावर प्रमोदिनीला पहिल्यांदा ते वाक्य नीट दिसलं, कारण हातात आज तिचं स्वतःचं तिकीट होतं आणि ते तिनं सकाळपासून सात वेळा काढून पाहिलं होतं. तिकिटं नेहमी प्रसादच्या शर्टाच्या खिशात. तो मधून मधून खिशावर थाप मारणार आणि मान डोलावणार, सगळं आहे. त्याआधी तिकिटं बाबांच्या पाकिटात असत. एकोणीस वर्षांपूर्वी हा देश गाठला तेव्हा तिघांचे पासपोर्ट प्रसादकडे, हिच्याकडे स्वानंदी आणि लाडवांचा डबा. आणि घ्यायला येणं! ओटाहुहु स्टेशन घरापासून चालत आठ मिनिटं, तरी संध्याकाळी याची गाडी बाहेर उभीच. लग्नानंतरच्या वर्षी ती मैत्रिणीच्या लग्नाला कोल्हापूरला गेली होती, तेव्हाचं तर तिला आजही स्वच्छ आठवतं. परतताना मुद्दाम तासभर आधीची एसटी धरली. मनात बेत असा, की स्वारगेटला उतरायचं, लक्ष्मी रोडनं रमतगमत, दुकानांच्या काचांमधून बघत, कुठेतरी एकटीनं भेळ खात घरी जायचं. बस. यापेक्षा मोठं काही नाही. आणि स्वारगेटला उतरते तो समोर स्कूटरवर हा! लग्नघरी फोन करून त्यानं ती कधी निघाली ते विचारून घेतलं होतं. हातात तिच्यासाठी गजरा. आता अशा माणसावर रागवायचं तरी कशावरून? ती मागे बसली, गजरा माळला, भेळ राहूनच गेली. तेव्हापासून एकोणतीस वर्षं तिला माणसं घ्यायला येत होती. तिनं स्वतःशीच ठरवलं, की यावेळी जायचं एकटीनं, चालायचं एकटीनं आणि मुख्य म्हणजे परत यायचं तेही एकटीनं, या तिकिटावर. नाहीतर हेलनला सांगितलेली थाप ती थापच.

गाडीला शेवटी एक उघडा डबा होता, काचा नसलेला, फक्त कठडे. ती तिथे जाऊन उभी राहिली ती बसलीच नाही. वाऱ्यानं डोळ्यांतून पाणी, केसांच्या पार झिंज्या. हिरवी कुरणं, ओंडक्यांचे ढीग, एखाद्या वस्तीबाहेर एकुलती एक डेअरी, म्हणजे इथलं वाणसामानाचं दुकान, आणि तिच्या दारात जँडल्स, रबरी चपला घालून उभी असलेली बाई, जिनं हात हलवला. प्रमोदिनीनं दोन्ही हात हलवले. मग राउरिमुची चढण आली. तिथे रूळ डोंगराला वळसा घालून स्वतःच्याच डोक्यावरून जातात. आत्ता जिथून आलो ते रूळ खाली दिसायला लागले तेव्हा ती मोठ्यांदा "अगं बाई!" म्हणाली आणि शेजारचा दाढीवाला आजोबा हसून म्हणाला, "आय नो, राइट?" आपण कुणाबरोबर आलेलो नाही आणि तरी बोलायला माणसं आहेत, याचं तिला इतकं नवल वाटलं, की तिनं आपल्या जेवणाच्या डब्यातली गुळाची दशमी काढून त्याला अर्धी दिली. डबा चार माणसांना चार दिवस पुरेल एवढा होता. सवय, दुसरं काय.

नॅशनल पार्कच्या स्टेशनवर उतरून ती लॉजवर गेली. लॉज चालवणारी मोआना तिच्याच वयाची, रुंद खांद्यांची, जोरात हसणारी. "किया ओरा, डार्लिंग! बूट बाहेर हं." दाराबाहेर लांबलचक ओसरी, तिथे चिखलानं माखलेल्या बुटांची रांग. प्रमोदिनीला एकदम घरच्यासारखं वाटलं. साहेबाच्या देशात पायताणं दाराबाहेर! तिनं नवे कोरे बूट काढले. आणि इथे तिच्या हातून जे झालं ते तिला कळलंसुद्धा नाही, इतकं ते हाडीमाशी मुरलेलं. एक बूट तिनं बाकाखाली सरकवला आणि दुसरा ओसरीच्या पार दुसऱ्या टोकाला, जळणाच्या लाकडांमागे ठेवला. चतुःशृंगीच्या पायथ्याशी आईनं शिकवलं होतं, जोड एकत्र ठेवायचा नाही, एक इकडे आणि एक तिकडे, म्हणजे चोराला दोन्ही सापडत नाहीत. ऑकलंडच्या देवळातही ती असंच करते. स्वानंदी डोळे फिरवते. संध्याकाळी रुआपेहूच्या माथ्यावरचं बर्फ गुलाबी झालं आणि प्रमोदिनी मोज्यांवरच ओसरीत उभी राहून बघत राहिली. उद्याच्या कल्पनेनं तिला जेवणही नीट गेलं नाही.

सकाळी सातला बाहेर आली. बाकाखाली डावा बूट होता. लाकडांमागे उजवा नव्हता.

तिनं लाकडं हलवली, बाक हलवला, दुसऱ्यांचे बूट उलथेपालथे केले. मोआना आली, तिनंही शोधलं, मग दोघीतिघांना फोन केले आणि शेवटी फोनजवळच पडलेली चिठ्ठी वाचून कपाळावर हात मारून घेतला. पहाटे निघालेल्या एका सायकलवाल्याला लाकडांमागे एकच बूट दिसला. आदल्या दुपारी गेलेलं तरुण जोडपं विसरलं असणार, असं त्या भल्या माणसाला वाटलं. ते ओहाकुनेला उतरलंय हे त्याला माहीत होतं, त्यालाही तिकडेच जायचं होतं. मग काय, सॅकला बांधून घेऊन गेला, ओहाकुनेच्या माहिती केंद्रात ठेवतो म्हणून चिठ्ठी लिहून. "एकच बूट त्या तिथे कोण ठेवतं?" मोआनानं विचारलं. प्रमोदिनीनं खरं ते सांगितलं. चोर, देऊळ, आई, सगळं. मोआना आधी तिच्याकडे बघत राहिली आणि मग ओसरीच्या खांबाला धरून हसायला लागली. तिचं हसू थांबेना, म्हणून प्रमोदिनीलाही आलं. चोराला चकवायला गेलो आणि सज्जनानं नेलं! हसता हसता डोळ्यांत पाणी आलं ते मात्र सगळंच हसण्याचं नव्हतं.

नेमका तेव्हाच फोन वाजला. एक्सेल शीटप्रमाणे साडेसातचा.

"निघालीस का, पमा?" प्रसादचा आवाज.

सांगायचं, की नाही सांगायचं? 'हो, निघाले' एवढं म्हणायला काय जातं? पण एका थापेपायी आपण इथवर आलो, आता ती खरी करताना दुसरी मारायची म्हणजे फारच झालं. "बूट हरवलाय," ती म्हणाली. "एक."

"डावा की उजवा?"

"त्यानं काय होणारेय?"

"तिथेच थांब. मी निघतो. साडेचार तासांत पोचतो."

किल्ल्या उचलल्याचा आवाज फोनवर आला. तिच्या डोळ्यांसमोर सगळं उभं राहिलं, गाडी, उबदार सीट, थर्मासातला चहा, परतीच्या रस्त्यावर त्याचं 'तरी मी म्हणत होतो' हे न बोलता बोलणं. आणि वाईट म्हणजे तिला त्या सीटवर बसावंसंही वाटलं, क्षणभर. "येऊ नकोस," ती म्हणाली. "ऐकतोयस ना? मी सांगतेय, येऊ नकोस. मी माझं बघते."

"बरं," तो म्हणाला. फार लगेच म्हणाला. एकोणतीस वर्षांचं ते 'बरं' ती ओळखत होती.

मोआना म्हणाली, गाडीनं वीस-पंचवीस मिनिटांत ओहाकुने, चल, तुला बुटापाशी सोडते. प्रमोदिनी पायातल्या मोज्यांकडे बघत होती. ओहाकुने. म्हणजे ओल्ड कोच रोड जिथे संपतो तिथे. होरोपिटोला सुरू होतो आणि पंधरा किलोमीटरवर तिथे संपतो. "माझा बूट त्या टोकाला आहे," ती सावकाश म्हणाली, "मग मी चालत जाऊन तो घेते." मोआनानं भुवया उंचावल्या, आत गेली आणि आपले काळे गमबूट घेऊन आली. एक साइझ मोठे. दोन जोड मोजे चढवल्यावर बसले. "परत कसे पोचवायचे ते नंतर बघू," ती म्हणाली आणि होरोपिटोपर्यंत सोडायला आली.

आणि चालायला लागल्यावर काय सांगावं! गमबुटांचा फताक फताक आवाज, उजव्या टाचेला पहिल्याच किलोमीटरला घासायला लागलेलं, सॅकमध्ये बिनकामाचा डावा बूट, आणि तरी छाती भरून आलेली. दगडी फरसबंदीचा रस्ता, शंभरावर वर्षांपूर्वी हातांनी बसवलेला, दोन्ही बाजूंना नेच्यांचं रान, वर रिमूचे प्रचंड वृक्ष. वाटेत एका फलकावर लिहिलेलं तिनं उभं राहून वाचलं. उत्तरेकडून येणारे रूळ इथे संपत आणि दक्षिणेकडून येणारे तिथे, मधला तुकडा बांधून व्हायचा होता. तोवर उतारू गाडीतून उतरत, या रस्त्यानं घोडागाडीत बसून चिखलातून पलीकडच्या गाडीपर्यंत जात. दोन रुळांमधली जागा. त्यांच्यातली एखादी बाई, लांब झग्याची, खड्ड्यांनी हाडं खिळखिळी झाली म्हणून खाली उतरून चाललीच असेल की. तिचा नवरा गाडीतून 'बस ना वर' म्हणत असेल. प्रमोदिनीला ती बाई इतकी पटली, की ती तिच्याशी मराठीत बोलायला लागली. "चल गं, आणखी थोडंच." एक टुई पक्षी डोक्यावर घोगरा खाकरला आणि मग एकदम गायला. ती थांबली की रान थांबायचं, ती चालली की फताक फताक. कुणी 'दमलीस का' विचारत नव्हतं. म्हणून ती दमली आहे की नाही हे तिलाच ठरवावं लागत होतं, आणि दर वेळी तिचं उत्तर नाही असं येत होतं. भूक कधी लागली, तहान कधी लागली, कुठे बसावं, किती वेळ, सगळं तिचं तिलाच विचारायचं. इतके प्रश्न तिला आयुष्यात कुणी विचारले नव्हते. फोनला रेंज नव्हती. शीटवरचा अकराचा आणि साडेबाराचा फोन राहून गेला. मधूनच आठवायचं ते 'बरं'. येईल का तो? नाही येणार. सांगितलंय स्पष्ट. येईल? मग पुढचं वळण दिसे आणि विसरायला होई.

हापुआफेनुआचा जुना व्हायाडक्ट झाडांतून एकदम समोर आला. लोखंडी, वळत गेलेला, खाली दीडशे फूट दरी. उंचीला ती घाबरते, स्वानंदीच्या शाळेच्या जत्रेतल्या चक्रपाळण्यातसुद्धा डोळे मिटून बसली होती. कठड्याला धरून पहिली वीस पावलं टाकली. मग हात सोडला. वारा? एक पानसुद्धा हलत नव्हतं. हेलनला सांगितलं ते साफ खोटं ठरलं आणि तिला इतका आनंद झाला, की मध्यावर उभी राहून ती खदखदून हसली. हा वारा नसणं तिचं स्वतःचं होतं, पाहिल्याशिवाय कुणालाही कळलं नसतं. पलीकडे नव्या सिमेंटच्या पुलावरचे रूळ उन्हात चमकत होते. उद्या त्यावरून तिची गाडी जाणार होती. मोठ्यांदा, कुणी ऐकायला नसताना, ती म्हणाली, "मी आले." तिला रडू आलं. ते पुसलं नाही.

दोन वाजून गेले होते. रान संपलं, फाटक आलं, आणि फाटकाबाहेर त्यांची करडी गाडी उभी होती.

प्रसाद गाडीला टेकून उभा होता, भलत्याच वाटेकडे डोळे लावून. त्यानं तिला पाहायच्या आधी तिनं त्याला पाहिलं. दाढी केलेली नाही, शर्ट कालचाच, चेहरा काळजीनं एवढासा झालेला. तिच्या मनात माया दाटून आली आणि तेवढ्याच जोरात राग. दोन्ही एकदम, एकही कमी होईना. मग त्याला ती दिसली. त्याचा जीव भांड्यात पडलेला तिला इतक्या लांबून कळला. तो हात उंचावून पुढे आला आणि त्याच्या हातात तिचा उजवा बूट होता.

"लॉजवर फोन करून विचारलं आणि माहिती केंद्रात जाऊन घेऊन आलो," तो म्हणाला. "तुला हेलपाटा नको. तासभर थांबलोय इथे. फोन का लागत नव्हता?"

तिनं बूट हातात घेतला. पंधरा किलोमीटर ज्याच्यासाठी ती चालत आली तो बूट, तोही यानंच आणून ठेवलेला. "जेवलास?" तिनं विचारलं. नव्हता जेवला. दोघं फाटकाशेजारच्या ओंडक्यावर बसली, तिनं डबा उघडला, त्यानं शेंगदाण्याच्या चटणीबरोबर तीन दशम्या खाल्ल्या. थर्मासातला चहा खरंच होता. तो प्यायला तिला आवडला. मग त्यानं हात पुसले, उठला, बाजूचं दार उघडून धरलं. "चल. चार वाजायच्या आत निघालो तर साडेआठपर्यंत घरी."

"माझं उद्याचं तिकीट आहे."

"अगं, ते जाऊ दे ना. मी आलोय ना आता."

"मी येऊ नकोस म्हणाले होते."

"हो, पण तुझा बूट—"

"प्रसाद," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण तो दार धरून तसाच थांबला. "तू आलास, मला बरं वाटलं. खरंच. पण मी गाडीत बसले ना, तर आजचं हे सगळं तू मला फिरवून आणलंस असं होईल. तू तसं म्हणणार नाहीस. मलाच तसं वाटेल. मी उद्या ट्रेननंच येणार."

"मग मी काय करू?" तो म्हणाला. चिडून नाही. खरंच ठाऊक नसल्यासारखा. साडेचार तास गाडी चालवून आलेला तिचा नवरा उन्हात उभा होता आणि त्याच्याकडे करायला काही नव्हतं. ते बघून तिला गलबलून आलं. एक पाऊल पुढे टाकलं असतं तर ती सीटवर बसली असती. त्याऐवजी ती खाली ओंडक्यावर बसली, गमबूट काढले, टाचेवरचा फोड बघितला, त्यावर पट्टी चिकटवली आणि आपले दोन्ही बूट चढवून नाड्या बांधल्या. मग गमबूट एकमेकांवर आपटून चिखल झाडला आणि त्याच्या हातात दिले.

"हे नॅशनल पार्कला मोआनाच्या लॉजवर द्यायचेत. तुझ्या वाटेवरच आहे. तिला म्हणावं, पोचली."

त्यानं ते घेतले. बघत राहिला. "एवढे मोठे? यात चाललीस तू पंधरा किलोमीटर?"

"चालले."

"सगळे?"

"सगळे."

त्यानं गमबूट डिकीत ठेवले, डिकी लावली, पुन्हा उघडून वर्तमानपत्र खाली घातलं, पुन्हा लावली. मग किल्ली बोटाभोवती फिरवत, तिच्याकडे न बघता म्हणाला, "उद्या संध्याकाळी स्टेशनवर तरी येऊ ना घ्यायला?"

तिनं सॅक पाठीवर चढवली. आजच्या मुक्कामासाठी ठरवलेल्या गावातल्या मोटेलपर्यंत अजून पाऊण तास चालायचं होतं.

"नको," ती म्हणाली. "तू घरी थांब. मी बेल वाजवीन, तू दार उघड."